गिरगावपर्यंत पोचेल अशी अँटेना

गाडीवर लावायला एक अँटेना हवी, आखूड हवी आणि रेडिओच्या दोन्ही बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन्ही पट्ट्यांवर, चालणारी हवी, एवढंच माझं मागणं होतं. माझ्या वयाची माणसं गुडघ्यांच्या वाट्या बदलून घेतात. मी अँटेना बदलत बसलो. एक नाही, तीन. गुडघे बदलले असते तर निदान घरातून थोडी सहानुभूती तरी मिळाली असती. इथे तिसरं खोकं घरात आलं तेव्हा बायकोने ते उघडूनही बघितलं नाही. नुसतं म्हणाली, "ठेवा त्या दोन बहिणींशेजारी."

हॅम रेडिओ ही हौशी लोकांची भानगड आहे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, नावाऐवजी एक कॉल साइन मिळते, आणि मग तुम्ही आपल्या सेटवरून जगात कुठल्याही हॅमशी बोलू शकता. माझ्या ओळखीचे काहीजण अंटार्क्टिकापर्यंत बोलून आलेत. मी आयुष्यभर मुख्यतः गिरगावातल्या एका माणसाशी बोललो.

हा माणूस माझा परळच्या चाळीतला मित्र. खोल्या समोरासमोर. परवान्याच्या परीक्षेला आम्ही एकत्र बसलो, एकत्र नापास झालो आणि पुन्हा एकत्र बसलो. पुढे लग्नानंतर तो सासऱ्यांच्या गिरगावातल्या खोलीत राहायला गेला. त्याने तिकडे गच्चीवर एक बांबू उभा केला, मी इकडे चाळीच्या छपरावर एक केला, आणि दिवेलागणीला आम्ही बोलायला लागलो. विषय काही विशेष नसायचे. आज मासे कुठले मिळाले, कुणाच्या पोराने काय दिवे लावले, कोण गेलं. पण बोलणं चुकलं नाही. त्याचं कंबरेचं हाड मोडून तो जिना उतरेनासा झाला, त्यानंतर तर मुळीच नाही. दिवसभर घरात बसलेल्या माणसाला संध्याकाळी बाहेरचा एक आवाज लागतो. तो आवाज मी होतो. याहून बरा त्याला मिळाला असता, पण वेळेवर येणारा मीच होतो.

लोक विचारतात, मग फोन काय वाईट आहे? फोनवर आम्ही दोघं एकदम बोलतो, मग दोघं एकदम गप्प होतो, मग "बरं, चल" म्हणून ठेवून देतो. अलीकडे तर त्याचा फोन वहिनीच उचलायच्या आणि मधल्या मध्ये निरोप पोचवायच्या. रेडिओवर तसं चालत नाही. बटण दाबलं की एकानेच बोलायचं. त्याने बटण सोडेपर्यंत दुसऱ्याला मध्ये तोंड घालताच येत नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकायला लावणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही.

मग आमच्या चाळीचा टॉवर झाला. मी अठराव्या मजल्यावर गेलो. हॅमला याहून सुखाची जागा नाही, असं वाटलं होतं. सोसायटीच्या सभेत मी गच्चीवर एक छोटी अँटेना लावण्याची परवानगी मागितली. एक सभासद उठून म्हणाले, "काका, त्या लहरींनी कॅन्सर होतो." त्यांच्या डोक्यावर, त्याच गच्चीत, मोबाइल कंपनीचा टॉवर उभा होता आणि त्याच्या भाड्यावर लिफ्ट चालत होती. मी ते दाखवून दिलं. त्यानंतर माझी परवानगी कायमचीच गेली. गॅलरीत लावावी, तर गॅलरी बरोबर गिरगावाकडे पाठ करून उभी.

उरली गाडी. गाडी मुलीची. तिची बदली बंगळूरला झाली आणि गाडी आमच्या गळ्यात पडली. सेट गाडीत बसवायचा, संध्याकाळी गेटबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावायची आणि बोलायचं, असं ठरलं. दोन बँड अशासाठी की एका बँडवर त्याचा जुना सेट चालतो आणि दुसऱ्यावर आमचा बाकीचा हॅमांचा ग्रुप असतो.

आता अँटेना. यातलं मला कळत नव्हतं अशातला भाग नाही, आणि तेच वाईट झालं. लांब अँटेना सगळा जोर क्षितिजाच्या दिशेने सपाट ढकलते. मोकळ्या माळावर ती उत्तम. उंच इमारतींच्या दाटीत मात्र आखूड बरी, ती चहूकडे आणि वरखाली थोडं थोडं वाटत जाते. हे मी नवीन पोरांना कितीदा तरी शिकवलेलं आहे. तरी कॅटलॉगमधले आकडे बघताना माझी नजर लांबवाल्यांवरच जायची. लग्नाच्या पंगतीत डायबेटिसवाल्याची जिलबीवर जाते तशी.

मित्राला विचारलं. फोनवर वहिनींनी निरोप आणला, "हे म्हणतायत, लांब घे. नंतर रडत येऊ नकोस."

मी लांब घेतली. माझ्या उंचीची होती. डिकीच्या दाराच्या कडेला क्लॅम्प लावून ती बसवली, आणि गाडी मासे मारायला निघाल्यासारखी दिसायला लागली.

आमच्या टॉवरमध्ये गाड्या उभ्या करत नाहीत, रचतात. लोखंडी पाटावर गाडी घ्यायची, पाट वर जातो, खाली दुसरी गाडी. मशीन चालवणारा भय्या पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, ये डंडा निकालो."

"अरे, फोल्ड होतो तो. हे बघ."

"रोज याद रहेगा?"

मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा मशीनकडे वळला. आठवड्याभरात मी गाडी खालच्या पाटावर लावली, पिशवी घेतली, त्याच्याशीच क्रिकेटवर बोलत बाहेर आलो आणि वरचा पाट खाली येऊ लागला. कडाड असा आवाज झाला. आम्ही दोघांनी एकदम मागे बघितलं. तो पाट थांबवून तुकडे वेचायला गेला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणाने वागायचं ठरवलं. रोज लावायची, रोज काढायची, म्हणजे विसरायला नको. म्हणून चुंबकावर बसणारी. लांबी हातभर, दोन्ही बँड, केबल जोडलेली. पंधरा दिवस मी रात्रीच्या जेवणात चुंबकाबद्दल बोलत होतो. त्याची पकड किती, भरधाव गाडीवर टिकेल की नाही, खालच्या रबराने रंग खराब होईल का. ती आली. मी सोसायटीच्या अंगणात, चार माणसं बघत असताना, गाडीच्या टपाच्या बरोबर मध्यावर तिला ठेवली. ती मागच्या काचेवरून घसरत येऊन माझ्या चपलेवर पडली.

बायको भाजी घेऊन येत होती. थांबली.

"अहो, वर काच आहे ना पूर्ण?"

"सनरूफ आहे."

"म्हणजे काच."

"हो."

"आणि ते खाली काय आहे? चुंबक?"

मी अँटेना उचलून पुसत राहिलो.

"पंधरा दिवस माझं डोकं खाल्लंत. फ्रिजवरचा गणपती नेऊन एकदा लावून बघायचंत ना वर."

टपावर जमेना म्हणून ती बॉनेटवर लावली. तिथे पत्रा होता. सेट अजून गाडीत बसवून झाला नव्हता, तरी एक आठवडा मी मंत्र्यासारखा फिरलो. लालबागला रस्ता अडवून उभा असलेला एक टेम्पोवाला ती काठी बघून आपणहून पुढे सरकला. मला घाबरलेला तो पहिला आणि आजवरचा शेवटचा माणूस. मग एक दिवस अँटेना उचलली, तर खाली बॉनेटच्या रंगाला बशीएवढा चट्टा. मुलीला अजून सांगितलेलं नाही. हे तिने वाचू नये.

तिसरी मात्र सगळ्या बाजूंनी हवी तशी मिळाली. आखूड, हातभरही नाही, दोन्ही बँडची, डिकीच्या कडेला घट्ट बसणारी. वरचा पाट तिच्यावरून वीतभर उंच राहायचा. भय्याने स्वतः वाकून बघितलं आणि म्हणाला, "अब चलेगा." सेट बसवला, मोजमाप घेतलं, अँटेना तपासायचा मीटर लावला, सुई जिथे हवी तिथे. दिवेलागणीला गेटबाहेर बसून बटण दाबलं, त्याची कॉल साइन घेतली, माझी दिली.

बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.

"कोण रे? तू का? तुटतंय. पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं.

"तुटतंय. काय लावलंयस काय गाडीला? छत्रीची काडी?"

इथून जे सुरू झालं ते मला आजही नीट सांगवत नाही, कारण दमायला होतं. मी केबल बदलली. कनेक्टर पुन्हा जोडले. क्लॅम्पखालचा रंग खरवडून पत्र्याशी चांगला संपर्क केला, म्हणजे गाडीला आणखी एक चट्टा. टॉवर आड येत असतील म्हणून ठेंगण्या इमारतींच्या शोधात रे रोडला गेलो, लाकडाच्या वखारींच्या रांगेत गाडी लावली. लाकडाच्या भुशाने शिंकत शिंकत त्याला हाका मारत होतो, तेवढ्यात हवालदार आला.

"काय काका, काय चाललंय?"

"मित्राशी बोलतोय."

"कुठे असतो मित्र?"

"गिरगावात."

त्याने सेटकडे बघितलं, अँटेनाकडे बघितलं, माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बघितलं. मी परवाना काढून दाखवला. तो वाचून त्याने परत दिला आणि फार हळू आवाजात विचारलं, "घरी माहीत आहे ना, तुम्ही इथे आहात?"

तिकडूनही उत्तर तेच. तुटतंय.

गंमत अशी की बाकी सगळे मला नीट ऐकत होते. ग्रुपमधले लोक सांगत, पाच-नऊ. आवाजाचा दर्जा आमच्यात असा आकड्यांत सांगतात, आणि पाच-नऊ म्हणजे सर्वोत्तम. मित्राच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारा एक हॅम आहे, तोही म्हणाला, "काका, पाच-नऊ! खोलीत आल्यासारखे येताय." मी विश्वास ठेवला नाही. कारण आमच्यात रीतच आहे. कुणाचाही आवाज घासलेटच्या डब्यातून आल्यासारखा आला तरी पाच-नऊ म्हणायचं. घरी आलेल्या पाहुण्याला पोहे आवडले का विचारलं तर तो काय सांगेल, तसं. मी स्वतः आजवर कितीतरी जणांना अक्षर न कळता पाच-नऊ दिलेत. खरं सांगणारा माझ्या ओळखीत एकच, माझा मित्र. तो कुणाला फुकट पाच-नऊ देत नाही. म्हणून सगळ्या गावाचं खोटं आणि त्याचं एकट्याचं खरं, असं धरून मी पाने घेऊन गाडीखाली आडवा होत राहिलो.

तो चिडचिडा होत चालला. मी काहीतरी सांगायचो, तो भलतंच उत्तर द्यायचा, मग मी चिडायचो. एका संध्याकाळी त्याने बटण दाबलं आणि बराच वेळ नुसतंच दाबून ठेवलं. मग म्हणाला, "राहू दे रे. उद्यापासून नको. तुझी धावपळ होते आणि मला काही नीट मिळत नाही. बंदच करू या."

मी म्हटलं, "अरे, थांब." त्याने सेट बंद केला होता.

आता माझ्याकडे बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या रात्री बायको म्हणाली, "तिकडे जाऊन बघा ना एकदा. दोष त्यांच्या बाजूला असेल." हे मला सुचलं नव्हतं. अर्थात तसं मी म्हटलं नाही. "तेच करणार होतो," असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन गिरगावात गेलो. त्याची अँटेना गंजली असणार, केबलमध्ये पाणी गेलं असणार, आणि हे मी त्याला पुराव्यानिशी दाखवणार, या आनंदात चार जिने चढलो. तो खिडकीशी आरामखुर्चीत. मला बघून चेहरा फुलला, आणि लगेच सावरून म्हणाला, "आलास? काडी घेऊन आलास का?"

गच्चीवर गेलो. बांबूची जागा पाइपने घेतली होती एवढंच. अँटेना ठणठणीत, केबल कोरडी. खाली येऊन सेट तपासला. काही दोष नाही. मी सेटशी खाटखूट करत असतानाच गल्लीच्या तोंडाचा तो हॅम बोलायला लागला. आवाज एवढा मोठा की स्टुलावरच्या पेल्यावरची ताटली थरथरत होती. सेटचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "ओ काकी, जरा हळू करा!"

मित्र खुर्चीतून पुढे वाकला. एक हात कानामागे. कपाळावर आठ्या. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून, जिंकल्यासारखा म्हणाला, "बघ! हासुद्धा तुटतोय."

मी सेटकडे बघत राहिलो. सेटकडे बघणं सोपं होतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मानेने खूण केली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. त्या मटारांच्या ढिगापाशी परत बसून सोलायला लागल्या.

"भावोजी, बाहेर काही बोलू नका हं. कानाचं नाव काढलं की दोन दिवस जेवत नाहीत. मुलाने मशीन आणून दिलंय, ते कपाटात आहे. म्हणतात, मी काय म्हातारा झालोय?"

"कधीपासून आहे हे?"

"वर्ष होऊन गेलं. म्हणून तर फोन मी घेते." मग थांबून माझ्याकडे बघितलं. "सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही रोज बोलता, तुमच्या कसं नाही लक्षात आलं?"

काय सांगणार? माझ्याकडे मीटर होता, हे सांगणार? तो फक्त अँटेनाला लावता येतो.

बाहेर येऊन मी त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि आता मला कळलं की तो माझ्या ओठांकडे बघत होता. घरात समोरासमोर म्हणून त्याचं बरं चालायचं. सेटला ओठ नसतात. त्याला वाटत असणार, जगातले सगळे आवाज हळूहळू तुटत चाललेत, आणि आता माझाही. म्हणून त्याने बंद करू या म्हटलं होतं.

मी म्हटलं, "दोष सापडला."

"काय?"

"माझी अँटेना. फार आखूड घेतली."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मला माझ्याच खोटेपणाचं कौतुक वाटलं. "सांगितलं नव्हतं? तुझ्या वहिनीकडून निरोप पाठवला होता, लांब घे. ऐकलंस? कधी ऐकतोस का तू? परीक्षेतसुद्धा तुझ्यामुळेच नापास झालो." मग चहा येऊन थंड होईपर्यंत त्याने मला लांब अँटेनाचे फायदे समजावून सांगितले. सगळे चूक होते. मी मान डोलावत होतो.

"पण आता ती बदलता येत नाही," मी सावकाश, तोंड त्याच्याकडे करून म्हटलं. "लांब घेतली तर पार्किंगमध्ये अडकते. त्यामुळे सिग्नल कमजोरच राहणार. कमजोर सिग्नलला बोलतात तसं बोलू. चालेल?"

कमजोर सिग्नलची आमच्यात जुनी रीत आहे. समुद्रापलीकडचा कुणीतरी अर्धामुर्धा ऐकू येत असतो, तेव्हा प्रत्येक शब्द दोनदा बोलायचा, सुटा सुटा, जड शब्द असेल तर अक्षर अक्षर फोडून. त्यात कुणाला लाज वाटायचं कारण नसतं. दोष हवेचा असतो.

त्याने पेल्यावरची ताटली सारखी केली. त्याला नक्की काय काय कळलं ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने भलतंच उत्तर दिलं असतं. "बरं," तो म्हणाला. "तू चूक केलीस, आता मी सांभाळून घेतो."

तेव्हापासून परळ आणि गिरगावमध्ये एखादा महासागर असावा तसे आम्ही बोलतो. रोज भय्याला सांगून पाटावरून गाडी घ्यायची, गेटबाहेर काढायची, काच बंद करून घ्यायची, कारण येणारीजाणारी माणसं थांबून बघतात. पूर्वी अर्ध्या वेळात व्हायचं तेवढंच बोलणं आता पूर्ण वेळात होतं, आणि घसा बसतो. कधीकधी फार कंटाळा येतो. वाटतं, आज नको. मग वाटतं, तो सेट लावून, कानामागे हात धरून बसला असेल.

काल विचारत होता, जेवायला काय केलंय. मी सांगितलं, "बोंबील, बोंबील. तळलेले, तळलेले."

बराच वेळ नुसती खरखर. बायको मागच्या सीटवर कोथिंबीर निवडत होती, तीही थांबली.

मग त्याचा आवाज आला. "मिळालं. बोंबील. ऐकतोय. आज बरा येतोयस. पण ती अँटेना बदल."

"बदलतो," मी म्हटलं, "बदलतो."